अजून वात ठरली नाही

तातांगनी ते यंत्र तोंडाला लावलं, बटण दाबलं, छाती भरून ओढलं, आणि असे खोकले की तंबाखूच्या कोठीवर बसलेली कबुतरं उठून थेट चर्चच्या घंटाघरावर जाऊन बसली.

पर्लिता समोरच उकिडवी बसली होती. वडलांचा चेहरा आधी लाल, मग जांभळा, मग भाजलेल्या वांग्यासारखा होताना तिने अगदी जवळून पाहिला आणि मनातल्या मनात सान्तो निन्योला, म्हणजे बाळयेशूला, एक मेणबत्ती कबूल करून टाकली.

"हे काय आहे?" श्वास जागेवर आल्यावर तातांगनी विचारलं.

"व्हेप."

"ते कळलं. आत काय आहे?"

"कापसाची वात. वातीवर आंब्याचा रस. तारेचं वेटोळं तापतं, रसाची वाफ होते, ती तुम्ही ओढता."

"कापूस कुठला?"

"औषधाच्या दुकानातला. जखमेला लावतात तो."

तातांगनी यंत्र हळूच बाकावर ठेवलं, कारण ते उसनं आणलेलं होतं. "पोरी, माणूस मेला की त्याच्या नाकात कापूस घालतात. तू मला जिवंतपणीच घातलास. आणि तोही पेटवून."

पलीकडे मागावर बसलेली लिलांग बासिया, म्हणजे तातांगची आई, खो खो हसली. तिच्या तोंडात सिगारेट होती, आणि जळकं टोक आत होतं, विगनकडच्या सगळ्या म्हाताऱ्या ओढतात तसं. हसताना तिच्या नाकातून, तोंडातून आणि पर्लिताला तर वाटलं कानातूनही धूर आला. खोकला मात्र नाही. लिलांगला आयुष्यात कधी खोकला झाला नव्हता आणि ही गोष्ट ती दर रविवारी पाद्रीबाबांनाही ऐकवायची.

"एक गेली," तातांग म्हणाले आणि त्यांनी खिशातून आपलं सिगारेटचं पाकीट काढलं.

करार असा होता. पर्लिताने वडलांना असं काहीतरी ओढायला द्यायचं जे घसा जाळणार नाही. ते जमलं, तर त्या दिवसापासून पर्लिताच्या लग्नापर्यंत तातांगची सिगारेट बंद. तीन संधी. तिन्ही हुकल्या, तर तातांग सुखाने सिगारेट ओढणार, आणि त्यानंतर घरात कोणीही, अगदी हाँगकाँगहून फोनवर ओरडणाऱ्या नानांगने, म्हणजे पर्लिताच्या आईनेसुद्धा, त्यांच्या खोकल्याबद्दल एक अक्षर काढायचं नाही.

खोकल्याचं एवढं काय, असं कोणाला वाटत असेल तर त्याने गेल्या वर्षीचं मार्सिंगचं लग्न पाहिलेलं नाही.

तिकडे लग्नात दाल-लोत गातात. एक गाणारा वधूकडचा, एक वराकडचा. दोघे समोरासमोर पाय थिरकवत सवाल-जवाब करतात, कडवी तिथल्या तिथे रचतात, आणि जो आधी अडकला त्याच्या बाजूची नाचक्की. मार्सिंग ही तातांगची पुतणी, म्हणून तातांग, म्हणजे गावचे सेव्हेरो, वधूकडून उभे राहिले. समोर होते नारवाकानचे अपो सेल्मो, ज्यांचा आवाज ऐकून नदीपलीकडच्या म्हशी वळून बघतात. दोन कडवी झकास झाली. तिसऱ्याला तातांगना ठसका लागला, तो थांबेना, आणि अपो सेल्मोंनी त्या खोकल्यावरच चुटक्यांचा ताल धरून म्हटलं:

तंबाखूच्या कोठीतून धूर निघाला काळा,
पाहुण्यांनो, पळा पळा, सेव्हेरोचा गळा.

मांडव हसून हसून आडवा झाला. वर्ष उलटलं तरी मासेवाली मासे तोलताना "गळा कसा आहे, सेव्हेरो?" म्हणून विचारायची, आणि पोरं लपाछपी खेळताना तालावर खोकायची. तातांग त्यांच्यासोबत हसायचे. पण त्या दिवसानंतर ते अंघोळ करतानाही गायले नव्हते, आणि हे फक्त पर्लिताच्या लक्षात आलं होतं, कारण न्हाणीघर तिच्या खोलीच्या भिंतीला लागून होतं.

आता पर्लिताचं स्वतःचं लग्न ठरलं होतं. रोनेल हा मुलगा सगळ्या बाजूंनी चांगला होता. भांडी घासायचा, खरं बोलायचा, नाचायचा वाईट पण मनापासून. त्याच्यात खोट एकच. अपो सेल्मो त्याचे सख्खे काका होते.

म्हणजे मांडवात पुन्हा तेच दोघे. आणि या वेळी तातांग वधूचा बाप म्हणून.

*

"आदिंग, कापूस म्हणजे सर्वस्व," बोयेट म्हणाला आणि त्याने एम्पानाडाचा मोठा घास घेतला.

बोयेट तिचा मोठा चुलतभाऊ; तो तिला आदिंग, म्हणजे धाकटे, म्हणायचा आणि ती त्याला मानोंग, म्हणजे दादा. विगनच्या बसस्थानकामागे त्याचं व्हेपचं दुकान होतं आणि पर्लिता तिथे गल्ल्यावर बसायची. ती स्वतः ओढत नसे. एकदा नुसता वास घेतला होता तर दिवसभर शिंकत होती आणि गिऱ्हाइकांना वाटलं हिला साथीचा आजार झालाय.

"लोक येतात," बोयेट पुढे म्हणाला, "चकचकीत यंत्र घेतात, ड्रॅगनचं चित्र असलेलं घेतात, आणि आत कापूस कुठला घालतात? कान कोरायचा."

"मी जखमेचा घातला."

"एकच. तो ब्लीच करतात गं. इस्पितळाची चव येणारच. आणि तू वात केवढी कोंबलीस? दाखव. अरे देवा. ही वात आहे का उशी?" त्याने चिमट्याने काळा पडलेला बोळा उपसला. "हे बघ, वात म्हणजे परकराची नाडी. ओढली तर सरकली पाहिजे, सोडली तर परकर पडता कामा नये. फार घट्ट ओवलीस की रस चढत नाही, कापूस सुकतो, जळतो. फार सैल ठेवलीस की सगळा रस गळून विजारीवर."

"तू कधी परकर नेसला होतास, मानोंग?"

"उदाहरण आहे ते. ऐकायचं तर ऐक." बोयेटने बोटं पुसली, तीही दुकानातल्या सर्वांत महागड्या कापसाला. "तुला हवा जपानी. बायका तोंड पुसतात ना, त्या पांढऱ्या चौकोनी गाद्या. दोन्ही बाजूंची साय सोलून टाकायची, मधला गर घ्यायचा, धागे ज्या दिशेला पळतात त्याच दिशेने कापायचा. चव अशी की चवच नाही."

"मग दे."

"संपलाय. तुझी आई हाँगकाँगला आहे ना? तिथे रस्त्यावर मिळत असेल."

पर्लिताने त्याच संध्याकाळी नानांगला फोन लावला. नानांग म्हणाली, पाठवते, पण तुझ्या बापाला सांग, माझ्या मुलीच्या लग्नात तो खोकला तर मी वराकडच्या पंगतीला जाऊन बसेन.

पेटी आली. तिच्यात साबण होते, डबाबंद मांस होतं, लग्नाचे पांढरे बूट होते, आणि जपानी कापसाचं पाकीट होतं. पर्लिता दुकानातून घरी येईपर्यंत लिलांगने पेटी उघडून सगळं मांडूनही ठेवलं होतं.

या वेळी पर्लिताने घाई केली नाही. साय सोलली, गर काढला, जीभ बाहेर काढून, एक डोळा मिटून, परकराच्या नाडीचं स्मरण करत वात ओवली. ओढली, सरकली. सोडली, पडली नाही. वर नारळाचा रस सोडला. वात इतकी देखणी झाली होती की तिने तिचा फोटो काढून रोनेलला पाठवला. रोनेलने लिहिलं, "कोणाचं बाळ?"

तातांगनी ओढलं.

खोकला आला नाही. तातांग तसेच ताठ बसले. मग त्यांच्या उजव्या डोळ्यातून पाणी आलं. मग डाव्या. मग नाकातून.

"जळलं का, तातांग?"

तातांगनी नकारार्थी मान हलवली.

"मग?"

"थंड वाटतंय," तातांग बारीक आवाजात म्हणाले. "फार थंड. माझ्या फुप्फुसांना गुडघे असते तर ते आत्ता बरे झाले असते."

पर्लिताने पाकीट नाकाला लावलं आणि तिचेही डोळे भरून आले. पुदिना, कापूर आणि लवंग. घरात त्या वासाचं एकच माणूस होतं.

"लिलांग, या कापसाचं तू काय केलंस?"

"काय करणार? अंगदुखीचं तेल लावून गुडघे चोळले."

"आणि पाकिटात परत कसा आला तो?"

"वाळवला, घडी केली, ठेवला." लिलांगने मागाची फणी खाडकन ओढली. "एवढा मऊ कापूस एकदा वापरून फेकायचा? आपण काय मनिलाचे आहोत?"

तातांगना बोलता येत नव्हतं. त्यांनी दोन बोटं वर केली आणि ते तोंड धुवायला गेले.

*

उरली एक संधी.

बोयेटचं कापसाचं पुढचं खोकं यायला बराच अवकाश होता. पर्लिता रात्री जेवण टाकून मागाजवळ बसली. लिलांग तिच्या लग्नाची चादर विणत होती, आणि भिंतीवर पांढऱ्याशुभ्र सुताच्या लडी लटकत होत्या. परसातला कापूस. लिलांगने हाताने सरकी काढलेला, हाताने पेळू वळलेला, हाताने कातलेला. पर्लिता त्या लडींकडे बघत राहिली आणि एकदम उठून उभी राहिली, इतकी एकदम की मांजर खिडकीतून बाहेर गेलं.

"मानोंग," तिने बोयेटला फोन केला, "घरचं सूत चालेल?"

"ब्लीच?"

"छे."

"रसायन, रंग, काही?"

"काही म्हणजे काही नाही. स्वच्छ आहे. धुतलेलं, तयार केलेलं."

आता त्या घरात सूत तयार करणं म्हणजे काय, हे पर्लिताला चांगलं ठाऊक होतं. सूत तांदळाच्या खळीत बुडवून, पिळून, उन्हात ताणून वाळवल्याशिवाय मागावर चढतच नाही, नाहीतर पटापट तुटतं. त्या लडींची खळ तिने स्वतः ढवळली होती, अंगठा भाजून घेतला होता. पण लहानपणापासून खळ ढवळत आलेल्या माणसाला खळ म्हणजे काही घातलंय असं वाटतच नाही. लिलांगच्या सुतात खळ असायचीच, जशी लिलांगच्या तोंडात सिगारेट.

दुसऱ्या दिवशी बोयेट मुद्दाम बघायला आला. तातांग बाकावर बसले. या वेळी रस बिनचवीचा घातला होता, म्हणजे कापसावर कसला आळ यायला नको.

तातांगनी ओढलं. वात चरचरली. आणि अंगणभर एक वास पसरला.

सगळ्यात आधी तो पर्लिताला कळला. तिचा भाजलेला अंगठाच ठणकायला लागला. खळ, तिला आठवलं. देवा रे, खळ. ती डोळे मिटून खोकल्याची वाट बघत राहिली आणि मिटल्या डोळ्यांसमोर तिला अपो सेल्मो चुटक्या वाजवताना दिसले.

खोकला आला नाही.

"खरवड," तातांग म्हणाले.

"काय?"

"भाताची खरवड. मडक्याच्या बुडाची." तातांगनी पुन्हा ओढलं, या वेळी सावकाश, डोळे बारीक करून. "वर जरा मीठ भुरभुरलं की झालं. आंबा काय, नारळ काय, हे कसले पोरकट प्रकार. या डबीतून पहिल्यांदा जेवणासारखं काहीतरी आलं."

"ताता," बोयेट काळजीने काकांना म्हणाला, "ते जळतंय."

"खरवड जळूनच होते, बाळा."

आणखी दोनतीन झुरके झाले आणि वातीचा कोळसा झाला. मग मात्र तातांगना ठसका लागला, चांगला सणसणीत. पर्लिता मुकाट्याने सिगारेटचं पाकीट आणायला उठली, कारण करार म्हणजे करार.

"थांब," तातांग डोळे पुसत म्हणाले. "ही मोजायची नाही."

"का?"

"ही हुकलेली नाही. ही सुधारायची आहे. खळ जास्त पडली. आणि सुताला पीळ फार आहे, रस वर चढेना. बोयेट, तो चिमटा इकडे दे. नाही, बारीक टोकाचा."

तिथून सगळं सुरू झालं.

*

तातांगनी तंबाखूच्या कोठीत, पानांच्या माळांखाली, एक टेबल मांडलं. आधी त्यांनी खळ पातळ केली. मग सुताचा पीळ उलगडला. मग त्यांच्या लक्षात आलं की पीळ उलगडायचाच, तर आधी कातायचं कशाला, आणि ते परसात जाऊन बोंडं तोडू लागले. सरकी काढली, पिंजला, उकळला, वाळवला. पुन्हा उकळला. पाण्याच्या पेल्यात बोळा सोडायचा आणि तो किती लवकर बुडतो ते बघायचं, ही युक्ती बोयेटने दाखवली. दुसऱ्या दिवशी घरात पाणी प्यायला पेला उरला नाही.

"माझं सूत उसवतोस, मेल्या?" लिलांग कोठीच्या दारात उभी राहून म्हणाली. "पोरीची चादर काय केसांनी विणू?"

"आई, तुझ्या पेळूत कचरा राहतो."

"माझ्या पेळूत? तुझा लंगोट त्याच पेळूचा होता. तेव्हा तोंड वर करून बोलला नाहीस."

"तेव्हा मी तो ओढत नव्हतो."

लिलांग तणतणत गेली आणि थोड्या वेळाने वेगळा पेळू घेऊन परत आली. हा बघ, म्हणाली, यात कचरा दाखव. मग दोघंही टेबलावर वाकून, कपाळाला कपाळ लावून, एका धाग्यावर भांडत बसली.

पर्लिता हे सगळं येताजाता बघत होती. एके दिवशी तिने टेबलावरून धुळीचा फडका फिरवला आणि थबकली. यंत्र सुटं पडलं होतं, वेटोळं एकीकडे, टाकी एकीकडे. काल पण असंच होतं. परवा पण. तिने तातांगच्या सदऱ्याच्या खिशातून हळूच सिगारेटचं पाकीट काढलं. आत एकही सिगारेट नव्हती. आत कापसाचे लहान लहान बोळे होते, ओळीने लावलेले.

"तातांग, सध्या काय ओढताय?"

"ओढतोय कुठे?" तातांग चिमट्यावरून नजर न काढता म्हणाले. "अजून वात ठरली नाही."

पर्लिता तशीच धावत रस्त्यावर गेली, मिळाली ती ट्रायसिकल रिक्षा पकडून दुकानात पोहोचली आणि गल्ल्यावर पालथी पडून धापा टाकू लागली.

"तातांग ओढत नाहीयेत."

"सिगारेट?" बोयेटने विचारलं.

"काहीच. सिगारेट नाही, व्हेप नाही. कापूस ठरेपर्यंत ओढायचं नाही म्हणतात, आणि कापूस काही ठरत नाही."

बोयेटने विचार केला. "म्हणजे माझ्या यंत्राचा उपयोग काय?"

"उघडून ठेवायला. मानोंग, लग्नापर्यंत त्यांचा कापूस ठरता कामा नये. तुझ्याकडे जेवढे प्रकार आहेत तेवढे काढ."

त्या दिवसापासून पर्लिता रोज घरी जाताना नवा कापूस न्यायची. दोरीसारखा कापूस, चादरीसारखा कापूस, पिळदार दंडाच्या माणसाचं चित्र असलेल्या डब्यातला कापूस. तातांग प्रत्येकाचा वास घ्यायचे, गालाला लावायचे, पेल्यात सोडायचे आणि काहीतरी खोड काढायचे. एकदा तिने शेजारच्या झाडाचा सावरीचा कापूस नेला. तो पेल्यात टाकला तर तरंगतच राहिला. तातांगनी चमच्याने दाबला, वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा वर आला.

"हा कापूस नाही," तातांग आदराने म्हणाले. "हा आपला नगराध्यक्ष आहे. काही करा, बुडत नाही."

पण लग्न तोंडावर आलं आणि एका संध्याकाळी, सगळे जेवायला बसले असताना, तातांगनी भाताचा घास गिळला, पाणी प्यायलं आणि म्हणाले, "ठरलं."

पर्लिताचा चमचा हवेतच राहिला. "काय ठरलं?"

"वात. परसातला पांढरा, दोनदा उकळलेला, एका दिशेने पिंजलेला, खळ अजिबात नाही. त्याच्यापुढे जपान झक मारतं. उद्यापासून ओढायला सुरुवात."

पर्लिताने मनाशी हिशेब मांडला. उद्यापासून ओढणार, परवा खळ घालून बघणार, तेरवा ठसका, आणि मग मांडवात चुटक्या. तिने डोकं खाजवलं, छताकडे बघितलं, मांजराकडे बघितलं, लिलांगकडे बघितलं. लिलांगच्या खांद्यावर तिची जुनी शाल होती, रंगवलेली नव्हे, मुळातच मातकट असलेल्या कापसाची.

"पण तपकिरी?" पर्लिता म्हणाली.

"काय तपकिरी?"

"तपकिरी कापूस राहिलाच की. लिलांगचा. पांढऱ्यापेक्षा तो बरा असला तर?"

"असला तर काय, आहेच," लिलांग म्हणाली. तिला कटाबिटाचं काही माहीत नव्हतं, तिला फक्त मुलाशी भांडायचं होतं. "पांढरा म्हणजे काय, दिसायला गोरा. तपकिरीचा धागा मऊ. सेव्हेरो, तुझ्या बापाला विचार. विचार, वर गेल्यावर."

"तपकिरीचा धागा आखूड असतो, आई."

"बघितलायस? मोजलायस?"

तातांग लिलांगच्या शालीकडे बघत राहिले. मग ताट बाजूला सारून, कंदील घेऊन, कोठीकडे निघून गेले. वडलांनी भात टाकलेला बघून कुठल्याच मुलीला एवढा आनंद झाला नसेल.

ती त्यांचं ताट घेऊन मागोमाग गेली आणि दाराशीच उभी राहिली. आत तातांग चिमट्याने तपकिरी धागे वेगळे करत होते आणि गुणगुणत होते. आधी नुसतं हूं हूं. मग शब्द लागले, मग टाचेने ताल धरला, आणि मग दाल-लोतची चाल आली, सरळ, स्वच्छ, कुठे खरखर नाही. पर्लिताने ताट जमिनीवर ठेवलं आणि अंधारात उभी राहून स्वतःचीच बोटं चावली, कारण नाहीतर ती ओरडली असती.

*

लग्नाला नानांग हाँगकाँगहून आली. मांडवात भाजलेलं डुक्कर आलं, त्याची कातडी अशी कुरकुरीत की नुसतं बघूनच कानात आवाज यायचा. आणि जेवणाआधी, रिवाजाप्रमाणे, दोघे समोरासमोर उभे राहिले.

अपो सेल्मोंनी मिशीवरून हात फिरवला, पाहुण्यांकडे डोळा मारला आणि चुटक्या वाजवत सुरुवात केली:

सून न्यायला आलो आम्ही, मांडव सजला खासा,
आधी सांगा व्याहीबुवा, दम उरलाय कसा?

मांडव हसला. मागून कोणीतरी तालावर खोकलं. पर्लिताने रोनेलचा हात असा आवळला की त्याच्या तोंडून बारीकसा आवाज आला. तातांगनी खिसा चाचपला, पाय थिरकवला आणि तोंड उघडलं:

मुलगी देतो, ऐका अटी, न्या तिला जपून,
वात कशी ओवायची ते शिकलोय मी खपून.
फार आवळाल, जीव कोंडेल, करपून जाईल घर,
सैल सोडाल, गळत राहील, पुसाल आयुष्यभर.

नानांगने रुमाल काढला. अपो सेल्मोंनी उत्तर दिलं, चांगलं दिलं, आणि तातांगनी प्रत्युत्तर दिलं, त्याहून चांगलं दिलं. आवाज मांडवाबाहेर, अंगणाबाहेर, वेशीपर्यंत गेला. ठसका नाही, अडकणं नाही. पर्लिताच्या छातीवरचा वर्षाचा दगड उतरला आणि आता जेवायला बसू या असं तिला वाटलं.

पण तातांगचं कापसाचं कडवं संपलं नव्हतं. कापूस नुकताच सुरू झाला होता.

परसातल्या पांढऱ्यावर चार कडवी झाली. जपानीवर पाच झाली, त्यांतल्या एकात लिलांगचे गुडघे आले. उकळण्यावर झाली, पिंजण्यावर झाली. अपो सेल्मोंनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा तातांगनी तपकिरी कापसाने ते बंद केलं. तिसऱ्यांदा अपो सेल्मो गायला लागले तर त्यांनाच ठसका लागला, आणि ते हात जोडून खाली बसले. वधूची बाजू जिंकली. टाळ्या झाल्या. तातांगनी मान लववून टाळ्या स्वीकारल्या आणि खळीवर कडवं सुरू केलं.

डुकराची कातडी मऊ पडू लागली. पाद्रीबाबांची मान छातीवर आली. वराकडची मंडळी भुकेने एकमेकांच्या अंगावर कलंडली.

"तुझ्या बापाला आवर," नानांग दातांतल्या दातांत म्हणाली.

पर्लिता पांढरा घोळ सावरत वडलांजवळ गेली. "तातांग," ती कानात म्हणाली, "जरा खोकता का?"

तातांग दोन ओळींच्या मधल्या श्वासात म्हणाले, "येतच नाही गं," आणि अभिमानाने पुढची ओळ उचलली.

मग पर्लिताने त्यांच्या खिशातलं सिगारेटचं पाकीट अलगद काढून घेतलं आणि वराकडच्या मंडळींत फिरू लागली. ज्याला हवे त्याने दोन बोळे घ्यावेत. पहिले अपो सेल्मोंनी घेतले. एक या कानात, एक त्या कानात. त्यांचा चेहरा हळूहळू शांत झाला, आणि आपण किती मोठ्याने बोलतोय हे आता त्यांना कळत नसल्यामुळे ते ओरडून म्हणाले, "व्याही, हा कुठला कापूस? काही म्हणजे काही ऐकू येत नाही. फार छान."

तातांग ओळीच्या मध्यावर थांबले.

"कुठला घेतलात?" त्यांनी विचारलं. "बघू. पांढरा? का तपकिरी?"

आणि ते गाणं तिथेच टाकून अपो सेल्मोंच्या शेजारी जाऊन बसले, त्यांच्या कानात वाकून बघू लागले. तेवढ्यात पंगत बसली. नानांगने दोघांच्या हातांत ताटं दिली. अपो सेल्मोंनी एका कानातला बोळा काढून हातावर घेतला आणि तो गालाला लावून पाहिला.

"मग ओढता कोणता?" त्यांनी विचारलं.

"ओढतोय कुठे," तातांग मांसाचा तुकडा चावत म्हणाले. "अजून ठरलं नाही."